कमान

माझ्या पिशवीत एक चाकू असतो. बाईमाणसाच्या पिशवीत चाकू म्हटले, की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. पण मी चित्रकलेची शिक्षिका आहे. आणि यंत्रात फिरवून टोक काढलेल्या पेन्सिलीने छायाभेद दाखवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. लाकूड लांब, तिरके तासावे, शिसे अर्धा इंच उघडे ठेवावे, तेव्हा कुठे पेन्सिल आडवी धरता येते. शिवाय आमच्या बदलापूर लोकलच्या महिलांच्या डब्यात त्या चाकूला दुसरीही कामे असतात. संध्याकाळी ठाणे सुटले, की मांड्यांवर वर्तमानपत्रे पसरतात. कुणी मटार सोलते, कुणी मेथी निवडते, कुणी फरसबीच्या शिरा काढते. मग कोपऱ्यातून हाक येते, "बाई, तुमचा चाकू द्या हो जरा!" चाकू चार हातांतून फिरून अंबरनाथ यायच्या आत माझ्याकडे परत येतो. त्याला कधी कांद्याचा वास असतो, कधी काकडीचा.

चाकू घडीचा आहे. मिटला म्हणजे चार बोटांएवढा. मूठ शिसवी, दोन्ही टोकांना पितळ. पण त्याची खरी शोभा कानाला कळते. पाते उघडताना निम्म्यावर एकदा 'टक' होते आणि पूर्ण उघडल्यावर दुसऱ्यांदा. मिटतानाही तसेच. दाराला चांगली कडी असावी, तसा तो आवाज. डब्यातल्या बायकांच्या तान्ह्या पोरांना मी त्या आवाजाने कितीदा तरी गप्प केले आहे.

हा चाकू २००३ साली, मी शाळेत लागले तेव्हा, अण्णांनी मला करून दिला. अण्णा म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षे त्यांनी अंबरनाथला एका खासगी कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटरचे काम केले. अंबरनाथ म्हटले, की लोकांना वालधुनीकाठचे शिवमंदिर आठवते. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा, शिलालेख असलेले ते देऊळ आहेच तसे. पण आमच्या लहानपणी अंबरनाथ म्हणजे भोंग्यांचे गाव होते. काडेपेट्यांचा कारखाना होता, १९५३ साली सुरू झालेले सरकारी संरक्षण कारखाने होते आणि त्यांच्या आजूबाजूला खासगी कारखान्यांची दाटी होती. कुठल्या भोंग्याला कुणाचे वडील घरी येणार, हे आम्हां मुलांना पाठ असे. पुष्कळ भोंगे आता बंद झाले. त्या भोंग्यांवर घड्याळे लावणारी माणसे बदलापूरच्या इमारतींत गॅलरीत बसून असतात. अण्णा त्यांतलेच. आई गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी, नववीच्या तासाला, तो चाकू मोडला. मी पाते उघडायला गेले आणि 'टक'च्या जागी 'चट' असा बारीक आवाज झाला. पाते मान टाकलेल्या पाखरासारखे लोंबू लागले. घरी आणून मी तो अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्म्यावर भिंग धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

घडीच्या चाकूच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते. ती मधोमध आणि शेपटाकडे खिळ्यांनी पक्की केलेली. तिचे पुढचे टोक मात्र मोकळे. ते टोक पात्याच्या बुडख्यावर दाबून बसते. बुडखा चौकोनी घासलेला असतो. पाते फिरवले, की त्याचा कोपरा पट्टीला वर उचलतो. सपाट बाजू आली, की पट्टी खाली येऊन बसते आणि 'टक' होते. तिची उचल एखाद-दीड मिलिमीटरची, जास्त नाही. पण चाकूच्या आयुष्यात ती हजारो वेळा व्हायची असते. अण्णा तिला कमान म्हणतात. ट्रकच्या चाकावरची ती कमान आणि ही कमान, दोघींचे काम एकच: वाकायचे आणि परत जागेवर यायचे.

"हे बघ," अण्णा म्हणाले. तुटलेल्या तोंडावर नखाएवढी काळपट चंद्रकोर होती. बाकीचा भाग करडा, चमकता, दाणेदार. "चमकतंय ते आज तुटलं. काळं आहे ते केव्हाचं तुटलेलं. चीर पडली होती, ती दर उघडझापीला केसभर पुढे सरकत होती. आणि निघाली कुठून? या रेघेतून."

कमानीच्या आतल्या कडेवर, तिच्या लांबीला आडवी, कानशीची एक बारीक रेघ होती.

"वाकताना ताण येतो तो आतल्या बाजूला. ती बाजू कुणाला दिसत नाही म्हणून मी तिथं शेवटचा हात उभा मारला नाही. आडवी रेघ राहिली. त्यात पुराचं पाणी बसलं असणार." २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यावर उल्हास नदी शिरली होती, तेव्हा हा चाकू दोन दिवस चिखलात होता. "पण पाण्याला जागा मी दिली. माझी चूक."

अण्णांच्या तोंडून हे दोन शब्द मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

इथे थोडे मागे जायला हवे. १९९६ साली मी दहावी झाले. मला आय. टी. आय. मध्ये फिटरचा कोर्स करायचा होता. मी चोरून अर्ज आणला, भरला आणि सहीसाठी अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "मुलीच्या जातीनं कानस घासायची?" विषय संपला. तो अर्ज पुढे कित्येक वर्षे कपाटाच्या खणात वर्तमानपत्राखाली होता. दहावीपुढचे माझे शिक्षण म्हणजे चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम, एवढेच. चित्रकलेने मला पगार दिला, चार कादंबऱ्यांनी थोडे नाव दिले. तक्रार करावी असे काही राहिले नाही. पण सल राहतो तो राहतोच. माझ्या प्रत्येक कादंबरीत कुठे ना कुठे लोखंडाचा वास येतो, असे एका वाचक बाईंनी मला कळवले होते. त्यांना कारण ठाऊक नव्हते.

"नवी कमान घालू," अण्णा म्हणाले. मग त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर पसरले. बोटे थरथरत होती. दोन वर्षांपासून त्यांना चहाची बशीही धरवत नाही. "मी सांगतो. हात तुझे."

मी मान हलवली. दुसरे काही बोलायचे सुचले नाही.

पहिला प्रश्न पोलादाचा. मला वाटले, बाजारात जाऊन 'चाकूच्या कमानीचे पोलाद' मागितले, की मिळेल. अण्णा हसले. म्हणाले, पात्याला निराळे हवे, कमानीला निराळे. पात्याला धार धरायची असते, म्हणून त्यात कार्बन अधिक हवा आणि ते कमानीहून कडक हवे. कमानीला धार नाही. तिला सोसायचे असते. कानशीचे पोलाद घेशील तर त्यात कार्बन शेकडा एकाहून अधिक. जरा चुकलीस की काचेसारखे तडकेल. यंत्रावरच्या करवतीची पाती फार कठीण धातूची, त्यांना आपल्या शेगडीची आच पुरायची नाही. स्वयंपाकघरातले स्टेनलेसचे डाव-पळ्या तापवून कितीही बुडवल्या तरी कडक होत नाहीत.

मी मास्तरीण असल्यामुळे वाचून काढले. त्यात मोठी गंमत हाती लागली. इंग्लंडात बेंजामिन हंट्समन नावाचा एक घड्याळजी होता. घड्याळाच्या कमानी नीट टिकेनात, म्हणून त्याने १७४० च्या सुमारास मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली, आणि पुढे सगळ्या शेफील्डच्या चाकू-कात्र्यांचे नाव त्या पोलादावर उभे राहिले. आपल्या दक्षिणेत मुशीतले पोलाद त्याच्या कितीतरी शतके आधी होत होते आणि परदेशी जात होते. पण त्याचे नाव झाले ते तलवारीच्या पात्यांमुळे. पाते मिरवते, कमान पाठीत लपून राहते. रामपुरी चाकू सिनेमामुळे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. त्याच्या आत कोण राबते, हे कुणी विचारत नाही.

रविवारी मी उल्हासनगरला गेले. उल्हासनगरच्या मालावर मुंबईकर पुष्कळ विनोद करतात. मला ते आवडत नाहीत. युद्धकाळच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन पडले. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांनी हाताला येईल ते करून दाखवले. त्या गावात मिळत नाही अशी वस्तू नाही, एवढे खरे. एका दुकानात मला लगेच चकचकीत पट्टी मिळाली. "एकदम ओरिजिनल स्प्रिंग पत्ती है, दीदी!" मी शंभर रुपये मोजले आणि विजयी मुद्रेने घरी आले.

अण्णांनी पट्टी हातात घेतली नाही. "सहाणेवर धर," म्हणाले. शेजारच्या इमारतीत ग्रिलचे काम चालले होते. तिथल्या पोराच्या फिरत्या दगडावर मी पट्टीची कड टेकवली. पिवळट, लांब, सरळ ठिणग्या उडाल्या. "आता ही टेकव," म्हणून अण्णांनी आपली जुनी कानस दिली. दगडाजवळच ठिणग्यांना फाटे फुटले, फाट्यांना पुन्हा फाटे, जणू फुलबाजी. "फुलं जितकी जास्त, तितका कार्बन. तुझी पट्टी साधी लोखंडी आहे. वाकेल आणि वाकलेलीच राहील." ते रागावले नाहीत. "दुकानदारालाही ठाऊक नसेल," एवढेच म्हणाले. शंभर रुपयांची ती पट्टी आता आमच्या तुळशीच्या कुंडीला आधार देते.

दुसऱ्या खेपेला मी भंगाराच्या वखारीत गेले. तिथल्या म्हाताऱ्या सिंधी शेठनी माझे सगळे ऐकून घेतले आणि ट्रकच्या कमानीचा एक तुटका पाटा पुढे टाकला. "ये लो, बेटी. इसने बीस साल बोझा उठाया है." आपल्याकडे हे पाटे बहुधा सिलिकन-मँगनीज पोलादाचे असतात. कार्बन शेकडा अर्ध्याहून थोडा जास्त, सिलिकन दीड ते दोन. एवढा कार्बन पात्याला कमी, पण कमानीला नेमका. अण्णांनी बजावले होते, तुटलेल्या जागेपासून लांबचा तुकडा घे. थकलेल्या पोलादात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. शेठनी यंत्राने वीतभर तुकडा कापून दिला. पैसे वजनावर घेतले आणि वर चहा पाजला.

खंडेनवमीला अण्णा आपली हत्यारे पुजतात. मोडका चाकू मी पाटावर ठेवायला गेले, तर त्यांनी तो बाजूला केला. त्याच्या जागी त्या काळ्या तुकड्याला हळदकुंकू लावले.

तुकडा बोटभर जाड होता. आम्हांला हवी अडीच मिलिमीटरची पट्टी. रस्त्याकडेला घिसाड्यांचे एक बिऱ्हाड उतरले होते, तिथे मी अण्णांना रिक्षाने नेले. नवरा सांडशीने लाल तुकडा ऐरणीवर धरी आणि बायको घण घाली. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपराकडे सारलेल्या. घण डोक्यावरून यायचा आणि नेमका पडायचा. एकही घाव वाया नाही. शेजारी झोळीत पोर झोपले होते. अण्णा खुर्चीवर बसून एकटक बघत होते. पट्टी पोलादाची, पण ते पट्टीकडे बघत नव्हते. परत येताना रिक्षात म्हणाले, "काय हात आहे त्या बाईचा." मी बाहेर बघत राहिले.

पट्टी रात्रभर राखेत पुरून ठेवली. हळूहळू निवली म्हणजे पोलाद मऊ पडते, कानस घेते. मग रोज संध्याकाळी गॅलरीत माझी कानस चालू झाली. "ढकलताना जोर दे, ओढताना उचल." "कोपरातून नको, खांद्यातून." अण्णांनी एकाऐवजी दोन कमानी कापायला लावल्या. "एक शिकायला, एक चाकूला."

मला वाटे, या खेपेला कमान चांगली जाड ठेवावी, म्हणजे जन्मात मोडणार नाही. अण्णांनी वहीत आकृती काढायला सांगितली आणि माझा सगळा समज उलटा केला. जाडी दुप्पट केली, की वाकवायला जोर लागतो आठपट. चाकू उघडताना नख मोडेल. शिवाय तेवढ्याच उचलीला जाड पट्टीच्या कडेवर ताण अधिक येतो, म्हणून तीच आधी मोडते. बारीक पट्टी सुखाने वाकते. टोकाकडे निमुळती केली, की ताण एका जागी न साचता सगळ्या लांबीत वाटला जातो. आणि सर्वांत नवल याचे, की कमानीचा जोर पोलादाच्या कडकपणावर नसतोच. मऊ असो की पाणी दिलेले, थोडे वाकवायला दोन्हींना सारखाच जोर लागतो. फरक पुढे पडतो: मऊ पोलाद वाकलेलेच राहते, फार कडक मोडते आणि नीट उतरवलेले परत येते.

पाणी देण्याचा मुहूर्त लागला धनत्रयोदशीच्या संध्याकाळी. कोळशाची शेगडी गच्चीवर नेली. भात्याच्या जागी माझ्या लेकीचे केस वाळवायचे यंत्र लावले. ती कुरकुरली, पण गच्चीवर सर्वांच्या आधी तीच आली. डब्यात चकल्या तळून उरलेले शेंगदाण्याचे तेल, थोडे कोमट करून. दिवेलागण झाल्यावरच सुरुवात केली, कारण उन्हात पोलादाचा रंग कळत नाही. तापत्या लोखंडाला सुमारे ७७० अंशांवर चुंबक सोडून देतो. त्याच्या थोडे पुढे जायचे आणि बुडवायचे. आमचे चुंबक जुन्या स्पीकरमधले होते.

पहिल्या कमानीला मी घाबरून जास्त आच दिली. ती नारिंगी झाली, मग पिवळट. बुडवली, निवाली, बोटांनी जरा वाकवली, तो काडीसारखी मोडली. आतला दाणा खडीसाखरेसारखा भरड.

"जळाली," अण्णा म्हणाले. "आचेचा दाणा असा मोठा होतो."

मला एकदम शाळा आठवली. न राहवून बोलून गेले, "अण्णा, पोरांचंही असंच असतं, नाही? फार आच दिली की—"

"माणसाला लावू नकोस हे," अण्णा मध्येच म्हणाले. "पोलाद बिघडलं तर पुन्हा तापवता येतं."

खाली कुणीतरी भुईनळा लावला. त्याचा उजेड अण्णांच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. ते माझ्याकडे बघत नव्हते. शेगडीकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तो अर्ज मी ठेवला होता, बाय. फाडला नव्हता."

"मला ठाऊक आहे, अण्णा. मी खण बघायची."

एवढेच. तिघेही गप्प होतो. मग अण्णा म्हणाले, "कोळसे विझतायत. दुसरी घे."

दुसरी मी चेरीच्या रंगावर आणली. चुंबक लावला, सुटला. मनात पाच आकडे मोजले आणि बुडवली. तेल चरचरले, चकलीचा वास आला. कानस लावली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. म्हणजे पाणी चढले. आता ते उतरवायचे. तसेच ठेवले, तर पहिल्याच 'टक'ला मोडेल. वाळूकागदाने उजळून मंद आचेवर धरले, की पोलादावर रंग धावतात: आधी गवती, मग तपकिरी, जांभळा, मोरपंखी निळा. चित्रकलेच्या बाईला तिथेच थांबावेसे वाटते. पात्याचे काम गवती-तपकिरीवर भागते. कमानीला निळ्याच्याही पुढे, करड्यापर्यंत जावे लागते. तो अंदाज रंगाने कळत नाही, म्हणून जुने कारागीर कमानीला तेल फासून आच देतात. तेल आपोआप पेटले आणि जळून गेले, की कमान उतरली. असे तीनदा केले. काळोखात ती इवलीशी पट्टी तीनदा ज्योतीसारखी पेटली. लेक म्हणाली, "आई, आपली पहिली पणती!"

शेवटचा हात मात्र दिवाळीच्या पहाटे मारला. बारीक वाळूकागद, लांबीच्या दिशेने, उभा. आतल्या कडेवर, जी कुणाला दिसत नाही, तिथे सर्वांत जास्त वेळ. अण्णा भिंग घेऊन बसले होते. मी थांबले की म्हणत, "अजून एक रेघ आहे." अभ्यंगस्नानाला सगळ्या इमारतीत आम्ही शेवटचे. आमचे हे दोनदा येऊन उटणे वाळल्याचे सांगून गेले. अण्णांना त्याचे काही नव्हते.

दुपारी फराळाच्या ताटाजवळ मी चाकू त्यांच्या हातात दिला. थरथरत्या बोटांनी त्यांनी पाते उचलले. निम्म्यावर 'टक'. पूर्ण उघडल्यावर 'टक'. मग कानाशी नेऊन मिटले. डोळे मिटून ऐकले. मी दहावीच्या निकालालाही इतकी घाबरले नव्हते.

"किंचित जड आहे," अण्णा म्हणाले. "चालेल."

चाकू त्यांनी माझ्याकडे दिला नाही. लेकीला जवळ बोलावून तिच्या तळहातावर ठेवला आणि तिचे बोट पात्याच्या खाचेत कसे घालायचे ते दाखवले. ती 'टक टक' करीत घरभर फिरू लागली. अण्णांनी चकलीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"पट्टी उरली आहे ना? उद्या हिच्यासाठी दुसरी कर."